विसण

आमच्या राजापूरच्या घरात न्हाणीघरातली विसणाची बादली नेहमी डाव्या हाताला असायची. उजवीकडे पाणचूल, तिच्यावर तळ काळा पडलेला तांब्याचा हंडा, खाली सोडणं आणि करवंट्या धगधगत असायच्या. मधल्या दगडावर मी उकिडवी. आजी हंड्यातलं कढत पाणी घंगाळात ओतायची, मग विसण घालायची, मग कोपर बुडवून बघायची. बोटांवर तिचा विश्वास नव्हता. आयुष्यभर तवे आणि निखारे हाताळून निबर झालेली बोटं काय सांगणार? कोपराची कातडी खरं बोलते, असं तिचं म्हणणं. कोपराला पाणी पटलं की पहिला तांब्या माझ्या पाठीवर. "कढत पाणी अंग जाळतं, विसणलेलं अंगी लागतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही परगावच्या न्हाणीघरात दोन नळांशी खटपट करताना ते कानात येतं.

विसण हा शब्द आता आमच्या घरात कुणी वापरत नाही. गिझर आला, एकाच नळातून हवं तसं पाणी यायला लागलं, आणि थंड पाण्याला त्या कामापुरतं असलेलं वेगळं नाव गळून पडलं. मला ते परत भेटलं समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, लडाखच्या चांगथांग पठारावरच्या पुगा खोऱ्यात, जिथे मराठी समजणारं माणूस माझ्या बहिणीखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

तसं राजापूरकरांना ऊन पाण्याचं अप्रूप नाही. गावाजवळच उन्हाळे आहे, नावातच ऊन पाणी घेऊन बसलेलं. राजापूरची गंगा प्रकट झाली की माणसं गंगेच्या चौदा कुंडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या झऱ्यावरही अंग भिजवून येतात. आजी आम्हा दोघी बहिणींना घेऊन जायची. त्या पाण्याला विसण लागत नाही, अंगाला सोसेल इतकंच ते ऊन. आजी म्हणायची, देवीनं विसण घालूनच पाठवलंय. पुढे तुरळ पाहिलं, राजवाडी, आरवली पाहिली, दापोलीकडचं उन्हवरे पाहिलं, तिथे पाणी चांगलंच कढत. पण सगळीकडे भोवती झाडी, शेजारी देऊळ, पायाखाली शेवाळ. कोकणात पाणी सगळीकडेच असतं, त्यातलं थोडं गरम. वाळवंटात गरम पाणी कसं असेल, हे तिथे बसून कळण्यासारखं नाही.

पुगाला जायचं कारण मात्र ऊन पाणी नव्हतं. कारण होतं वडिलांची डबी.

वडील सोनार. पेढीवर बागेसरी, ऐरण, चिमटे, बकनळी, आणि उजव्या गुडघ्याशी एक पितळी डबी. डबीत टाकणखार. दागिन्याचा तुटलेला सांधा झाळायचा तर आधी टाकणखाराचा खडा सहाणेवर पाण्यात उगाळून तो लेप सांध्याला लावायचा, वर झाळेचा बारीक तुकडा ठेवायचा आणि बकनळीने ज्योत फुंकायची. टाकणखार आधी फुलतो, पांढरा फेस येतो, मग तो बसतो आणि काचेसारखा पातळ होऊन सांध्यावर पसरतो. त्या काचेखाली धातूवरचा मळ विरघळतो, हवा आत शिरत नाही, आणि मग झाळ एका क्षणात पाण्यासारखी धावते. तो क्षण पाहायला आम्ही दोघी शाळेतून थेट पेढीवर यायचो. घरात कुणाचं तोंड आलं की त्याच डबीतला चिमूटभर टाकणखार पळीत तापवून त्याची लाही व्हायची आणि आजी ती मधातून जिभेला लावायची.

वडील गेल्यावर डबी माझ्याकडे आली. कधीतरी तिच्याविषयी वाचता वाचता कळलं, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा टाकणखार मुख्यतः तिबेट आणि लडाखमधून यायचा. मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून तो हिमालय ओलांडायचा. पुढे इटलीतल्या टस्कनीत आणि मग अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटांत तो मिळायला लागला, आणि मेंढ्यांची ती वाट ओस पडली. वडिलांच्या डबीतला खडा कारखान्यातलाच होता. पण ज्या लडाखी जागेचं नाव पुन्हा पुन्हा समोर येत होतं ते पुगा. थॉमस थॉमसन हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४७ साली सीमा आयोगाबरोबर त्या भागात फिरला आणि १८५२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने पुगाचे गरम झरे, गंधक आणि टाकणखाराचं मैदान यांविषयी लिहून ठेवलं. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "डबी घेऊन ये."

सप्टेंबर होता. लेहला दोन दिवस विरळ हवेची सवय करून घेतली आणि निघालो. उपशीपासून रस्ता सिंधूचं बोट धरतो आणि मग सोडत नाही. दोन्ही बाजूंना जांभळे, गंजके, राखाडी डोंगर, गवताचं पान नाही. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा आमच्याकडे आषाढात एका दिवसात पडून जातो. रात्री आम्ही चुमाथांगला थांबलो. तिथे सिंधूच्या काठावरच गरम पाण्याचे झरे आहेत आणि मुक्कामाच्या खोल्याही. पहाटे बाहेर ठेवलेली पाण्याची बाटली गोठून दगड झाली होती, आणि पन्नास पावलांवर जमिनीतून वाफ निघत होती.

माहेच्या पुलावर सिंधू ओलांडली, सुमदोला डावीकडची वाट त्सो मोरीरीकडे गेली, आम्ही पुगाचं खोरं धरलं. खोरं लांबट आणि अरुंद. वळण घेतलं तेव्हा सूर्य अजून डोंगरामागे होता आणि समोर जमिनीतून ठिकठिकाणी पांढरे धूर उभे. वारा नव्हता, त्यामुळे ते सरळ वर चढत होते. बहीण म्हणाली, "कुणाच्या तरी पाणचुली पेटल्यात." मला बोलवेना.

चालकाने गाडी रस्त्याकडेला उभी केली आणि बजावलं, "दीदी, माझ्या पावलावर पाऊल ठेवून या. पांढरं दिसतं तिथे वरचा पापुद्रा पातळ असतो." जमिनीवर चुरचुरीत पांढरी साय धरली होती, पावलागणिक ती कुरकुरत मोडत होती. मधूनमधून पिवळे डाग, गंधकाचे. आगपेटीच्या काडीचा वास सगळीकडे. आणि मध्ये पाणी. काही जागी ते नुसतं झिरपत होतं, काही जागी बुडबुडत होतं, एका ठिकाणी फूस फूस करत दगडांमधून उडत होतं. इथल्या झऱ्यांचं तापमान ८४ अंश सेल्सिअसपर्यंत जातं. या उंचीवर हवेचा दाब इतका कमी, की पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे जमिनीतून येणारं पाणी उकळीला टेकलेलंच बाहेर पडतं. ओढ्याच्या कडेला बर्फाची काच, तिच्यापासून हातभर अंतरावर कढ, आणि त्या दोहोंच्या मध्ये हिरव्या, नारिंगी रंगांचे बुळबुळीत पट्टे, कढत पाण्यातच राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे. प्रत्येक रंगाचं पाणी ठरलेल्या तापमानाचं. मला ते पट्टे पाहून आजीच्या कोपराची आठवण झाली.

मी खाली बसून पांढऱ्या सायीचा चिमूटभर चुरा बोटांत घेतला. अंगठ्याने घासला. स्पर्श ओळखीचा होता, पण मन मानेना. चालकाने चहासाठी गॅसची छोटी शेगडी पेटवली होती. त्याच्याकडून स्टीलचा मोठा चमचा मागून घेतला, त्यावर तो चुरा ठेवला आणि ज्योतीवर धरला. आधी ओल उडाली. मग चुरा चरचरला, हलला, आणि फुलायला लागला. बाजूने, वरून, एकेक फुगा आणि त्यातून दुसरा. बघता बघता चमच्यावर पांढरीशुभ्र लाही उभी राहिली. मी धरूनच ठेवला. हळूहळू लाही बसली, कडेने पारदर्शक झाली आणि चमच्याच्या खळग्यात काचेचा एक थेंब चमकायला लागला.

बहीण शेजारी येऊन उकिडवी बसली होती, पेढीवर बसायची तशी. ती काही बोलली नाही. तिने फक्त खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

पितळी डबी उघडून आम्ही तिच्या तळाशी राहिलेली वडिलांची पूड त्या पांढऱ्या जमिनीवर सोडली. तिथला टाकणखार काही डबीत भरून घेतला नाही.

इथे हा टाकणखार कसा आला, याचा विचार मी त्या सकाळी करत राहिले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला जाऊन भिडला आणि मधला समुद्र मिटला. तो सांधा जिथे आहे, त्याच पट्ट्याने सिंधू लडाखमधून वाहते, आणि पुगा त्या सांध्याला लागून आहे. शिखरांवरचं बर्फ वितळतं, भेगांमधून खोल उतरतं, तिथे तापतं आणि खडकांतले क्षार विरघळवून पुन्हा भेगांवाटेच वर येतं. वर आलं की पाणी उडून जातं आणि क्षार जमिनीवर उरतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्या सांध्याला शिवण म्हणतात. त्यांचं बरोबरच असणार. पण मी सोनाराची मुलगी. मला दोन भूखंडांची ती झाळ दिसते, आणि झाळ जिथे दिली तिथे टाकणखार पडलेला असायचाच.

ऊन वर आलं तसे धूर विरळ झाले. खोऱ्याच्या वरच्या अंगाला शेळ्यांचा कळप दिसला, पश्मिना देणाऱ्या चांगथांगी शेळ्या, आणि याकच्या केसांचे दोन काळे तंबू. चांगपा लोक त्यांना रेबो म्हणतात. कळप चाऱ्यामागे फिरतो आणि माणसं कळपामागे. तिकडून एक म्हातारी हळूहळू चालत ओढ्याकडे आली. पाठीवर लोकर आत असलेलं मेंढीचं कातडं, हातात जपमाळ, बरोबर चार-पाच वर्षांची नात. चालकाने "जुले, आबी-ले" म्हणून नमस्कार केला. आबी म्हणजे आजी, आणि ले आपल्या 'जी'सारखं.

ती आमच्याकडे बघून हसली आणि सरळ आपल्या कामाला लागली. ओढ्याच्या काठाशी दगड रचून केलेली एक लहानशी खळगी होती, आम्ही तिच्यावरून दोनदा गेलो होतो आणि ती आम्हाला दिसलीच नव्हती. वरच्या बाजूने एका झऱ्याचं पाणी चरीतून तिच्यात येत होतं, खालच्या बाजूला थंड ओढा. मध्ये दगडांचा बांध. म्हातारीने बूट काढले, पाऊल पाण्याला टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग वाकून बांधातला एक दगड काढला. ओढ्याचं पाणी आत शिरलं. ती थांबली. पुन्हा पाऊल घातलं, मान हलवली, आणखी एक लहान दगड सरकवला. पुन्हा पाऊल. या खेपेला ते तिथेच राहिलं.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "विसण!"

म्हातारीने वळून पाहिलं. तिला वाटलं मी काही विचारते आहे. तिने शेजारच्या दगडावर हाताने थोपटलं: बसा.

आम्ही दोघी सलवारी गुडघ्यापर्यंत ओढून तिच्या शेजारी बसलो. पाय पाण्यात गेले आणि ती ऊब घोट्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून गुडघ्यांत चढली. लेहला उतरल्यापासून तीन दिवस अंगातली ऊब सतत काहीतरी काढून घेत होतं. वारा, रात्र, विरळ हवा, दगडांच्या सावल्या. सावलीत हात गेला की हात गार आणि उन्हात चेहरा भाजलेला, असा हा मुलूख. इथे जमिनीतून पहिल्यांदा काही परत आलं. कोकणातल्या झऱ्यावर मी कितीदा पाय सोडून बसले असेन, पण तिथे ते सुख होतं. इथे ती गरज होती, आणि ती पुरी झाली तेव्हा मला रडू आलं. आमच्या आजीला शेवटची दहा वर्षं गुडघ्यांनी छळलं. तीही या म्हातारीसारखीच हळूहळू चालायची.

म्हातारीने नातीला समोर उभं केलं, तिचं तोंड, मान, हात चोळून धुतले. नुसत्या पाण्याने. मुलगी तक्रार करत होती, तो सूर जगात सगळीकडे एकच असावा. मग म्हातारी स्वतःच्या गुडघ्यांवर ओंजळीने पाणी घालत बसली आणि ओठांतल्या ओठांत जप करत राहिली. चालकाने सांगितलं, हे लोक गुडघेदुखीवर, कातडीच्या विकारांवर या पाण्यात बसतात. थंडीत शेळ्या अडतात तेव्हाही वापरतात का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने म्हातारीला विचारलं आणि ती खूप वेळ बोलली. त्याने एवढंच भाषांतर केलं: "म्हणते, पाणी सगळ्यांचं आहे."

तासाभराने ती उठली. जाताना तिने बांधातून काढलेले दोन्ही दगड परत जागच्या जागी बसवले.

पुगात भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. आईबाप कळपाबरोबर फिरतात आणि पोरं इथे राहून शिकतात. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात या खोऱ्यात तीसहून अधिक विवरं खणली, सगळ्यात खोल सुमारे ३८५ मीटर. खालच्या पाण्याने झोपडी ऊबदार ठेवून पाहिली, गंधक आणि टाकणखार शुद्ध करून पाहिला. मग बरीच वर्षं शांतता. २०२१ च्या फेब्रुवारीत ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पहाडी विकास परिषद यांच्यात करार झाला. पहिल्या टप्प्यात जमिनीच्या उष्णतेवर एक मेगावॉटची वीज करून पाहायची असं ठरलं. मला याचं वाईट वाटत नाही. डिझेल जाळून ऊब मिळवणाऱ्या मुलखात पायाखालची ऊब वापरावी यात गैर काही नाही. फक्त पहिल्यांदा त्या शाळेच्या भिंती तापाव्यात, आणि म्हातारीची खळगी, तिला येणारी चर, दोन्ही तशाच राहाव्यात. इतकं करणं अवघड नाही.

परतताना ओढ्याच्या दलदलीत काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी दिसली, मध्ये तांबूस पिल्लू. या पक्ष्यांना उन्हाळ्यात घरटी करायला चांगथांगमधल्या अशाच ओल्या जागा लागतात. ते तिघे पाण्यातून एकेक पाऊल उचलत काही वेचत होते. आम्ही गाडीतच बसून पाहिलं. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, खालच्या अंगाला एका खळगीच्या काठी शांपूच्या चार-पाच रिकाम्या पुड्या आणि साबणाची गुलाबी वडी पडली होती. वडी अर्धी विरघळलेली, पाण्यावर फेसाची एक रेघ ओढ्याकडे जात होती. बहीण उतरली, तिने सगळं पिशवीत भरलं. साबणाची वडी उचलताना पुन्हा पुन्हा हातातून निसटत होती.

हा ओढा सुमदोला जातो आणि माहेपाशी सिंधूला मिळतो. त्याच्यावर शेळ्या पाणी पितात, रानगाढवं पितात, क्रौंच पिल्लाला घेऊन उभे राहतात. पुगाला जाणार असाल तर जरूर जा. पायात जाड मोजे घाला, जुन्या वाटेवरूनच चाला, खळगीत बसलात तर दगड सरकवून विसण घ्या आणि उठताना दगड परत ठेवा. साबण मात्र लेहमध्येच ठेवून या.